लाल दोऱ्याची वायर

"एक पांढऱ्या दोऱ्याची, दहा फूट. आणि एक लाल दोऱ्याची, चांगली पंचवीस फूट," एलियाकाका म्हणाले. "लाल जरा मन लावून करा, मिस्त्री. रविवारी मुंबईहून कॅसेट कंपनीवाला यायचाय ऐकायला."

"म्हणजे इतकी वर्षं मी काय पाय लावून करत होतो?" पप्पा म्हणाले.

काका मनापासून हसले. पप्पाही हसले, पण मान काकांच्या जरा उजवीकडे वळवून. काका कुठे उभे आहेत हे त्यांना आवाजावरूनच ताडावं लागत होतं. मागे स्टुलावर बसलेल्या मला ते दिसलं, काकांना दिसलं नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नगरला चर्चच्या मागच्या गल्लीत आमचं 'अल्हाट रेडिओ' होतं. नावाला रेडिओ, खरं काम वायरींचं. ऑर्केस्ट्रावाले, बँडवाले, चर्चमध्ये गिटार वाजवणारे, सगळे वायर करून घ्यायला शांतवन अल्हाटांकडे, म्हणजे माझ्या पप्पांकडे यायचे. एलिया पाटोळे हे त्यातलं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. नवप्रभात ऑर्केस्ट्रा त्यांचा, आणि त्यात गिटारही तेच वाजवायचे. शाळेत शिकवायला आलेले एक परदेशी मास्तर मायदेशी परतताना आपला जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्यांना देऊन गेले होते. तसला दुसरा आमच्या भागात कुणाकडे नव्हता. काका त्याच्यावर धुतलेली चादर घालून ठेवायचे आणि ऑर्केस्ट्रातल्या कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत.

गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी वायर वेगळी आणि ॲम्प्लिफायरपासून स्पीकरच्या पेटीपर्यंत जाणारी वेगळी. घोळ असा की दोन्हींच्या टोकाला पिन तीच. इकडची तिकडे सहज बसते. पप्पा हे मला शिकवायचे ते त्यांच्या पद्धतीनं. "गिटारमधून आवाज निघतो ना, तो तान्हं लेकरू असतो. त्याला गुंडाळून न्यावं लागतं, नाहीतर रस्त्यातली सगळी घरघर त्याला बाधते. म्हणून आत एकच बारीक तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. तोच आवाज ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडला की बैल होतो. बैलाला दुपट्यात कशाला गुंडाळायचं? त्याला रुंद वाट द्यायची. दोन जाड तारा, बास."

बाहेरून दोन्ही वायरी काळ्याच, म्हणून पप्पांनी दोऱ्याचा नियम केला होता. गिटारच्या वायरीच्या पिनेला पांढरा दोरा, स्पीकरच्या वायरीला लाल. आणि दोरा आधी बांधायचा, मग तारेला हात लावायचा. काम झाल्यावर बांधू म्हटलं की माणूस विसरतो, असं ते म्हणायचे. त्यांची गाठही ठरलेली होती, तीन वेढे आणि एक आडवा फास. स्टेजवरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वादक नुसतं बोट फिरवून ती गाठ ओळखायचे.

पांढऱ्या वायरी मी करायचे. लाल मात्र पप्पा स्वतः. "लाल चुकली तर कुणाचं तरी मशीन जातं. माझे हात चालतात तोवर लाल माझी," हे त्यांचं वाक्य ठरलेलं होतं.

हात चालत होते, पण डोळे चालत नव्हते. त्यांना काचबिंदू झाला होता. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, आणि ती नळी दर महिन्याला बारीक होत चालली होती. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. ते मला म्हणायचे, "डोळ्यांचं काय एवढं, वायरीचं काम बोटांचं असतं." आणि मी म्हणायचे, "हो पप्पा."

खरी गोष्ट अशी होती की गेलं वर्षभर त्यांची प्रत्येक लाल वायर मी चोरून पुन्हा करत होते. त्यांचा जोड गुठळीसारखा व्हायचा, कधी दोन्ही तारांवरचं कथील एकमेकांना टेकायला आलेलं असायचं. दुपारी जेवून ते पडले की मी पडद्यामागे पिनेचं टोपण उघडायचे, त्यांचं सोल्डर काढून नवीन लावायचे आणि टोपण बसवून वायर होती तशी ठेवून द्यायचे. त्यांनी बांधलेल्या दोऱ्याला मात्र मी कधी हात लावला नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक वायर घेऊन जाताना पप्पांची पाठ जरा ताठ व्हायची, आणि ते बघून मला बरं वाटायचं. आपण केवढं पुण्य करतोय असंच वाटायचं तेव्हा.

एक सांगायचं राहिलं. मी डावखुरी आहे. शाळेत पट्ट्या खाऊन लिहायला उजवा हात घेतला, पण बाकी सगळं डाव्यानंच. पप्पा मला चिडवायचे, "सगळं जग तारेला उजव्या अंगानं पीळ देतं, आमच्या रिबेकाचा पीळ डाव्या अंगाचा." मग माझी तार बोटांत धरून बघायचे आणि म्हणायचे, "पण घट्ट आहे हां. चालू दे."

एलियाकाकांची लाल वायर पप्पांनी शुक्रवारी सकाळी केली. मला स्टुलावर बसवून ठेवलं आणि कशालाही हात लावू दिला नाही. खुंटीवरचं जाड तारेचं रीळ त्यांनी चाचपून काढलं, तार बोटांत मळून बघितली आणि मला विचारलं, "हीच ना?" मी म्हटलं, "हीच." पंचवीस फूट मोजायला दाराच्या चौकटीपासून मागच्या भिंतीपर्यंत अडीच फेऱ्या मारल्या. दोरा बांधला. सोल्डरिंगचं आयर्न तापवलं. राळेचा वास दुकानभर पसरला तसे ते गुणगुणायला लागले. पाऊण तास लागला त्यांना. पूर्वी दहा मिनिटांत व्हायचं.

दुपारी ते झोपल्यावर मी ती वायर घेतली. जोड तर नेहमीसारखाच होता, पण या वेळी आणखी एक भानगड होती. आयर्नचं तापलेलं टोक मध्येच कुठेतरी वायरीला टेकलं होतं, आणि एके ठिकाणी नाही, तीन ठिकाणी. वरचं काळं आवरण वितळून आतली तार उघडी पडली होती. जोड बदलून भागणार नव्हतं. नवी वायर कापणं भाग होतं.

मी पप्पांच्या दोन्ही पिना दोऱ्यासकट सोडवून घेतल्या. खुंट्यांवर दोन रिळं शेजारी शेजारी होती. आतल्या खाटेवरून पप्पांच्या खोकल्याचा आवाज आला. मी हात घालून एक रीळ ओढलं, अडीच फेऱ्या मारल्या, कापलं. टोक सोललं, पीळ दिला, सोल्डर लावलं. तार कापण्यापासून असल्या शेकडो वायरी मी केल्या होत्या आणि त्या सगळ्या पांढऱ्या होत्या. हात आपलं रोजचं काम करत गेले. बोटांखाली जाळी आली, मी ती जाळी वळवली, जोडली, आणि मला काहीही वेगळं वाटलं नाही. पिनेला लाल दोरा तर आधीच बांधलेला होता. माझ्या डोक्यात लाल वायर पूर्ण झाली होती.

पप्पांची भाजलेली वायर मी गुंडाळून माझ्या पेटीत कपड्यांखाली लपवली.

संध्याकाळी काका आले. त्यांनी पांढरी घेतली, लाल घेतली, आणि लाल हातात तोलून म्हणाले, "ही जरा हलकी लागतीये का, मिस्त्री?"

"दोरा बघ. गाठ कुणाची आहे?" पप्पा म्हणाले.

"तुमचीच."

"मंग?" आणि मग पप्पांनी हात पुढे केला. "आण इकडं. तुझं समाधान होऊ दे. एकदा बोटांतून काढतो."

वायर चुकली आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, देवाशपथ नव्हतं. मला भीती होती ती वेगळीच. पप्पांची बोटं त्या वायरीवरून फिरली असती तर ही आपण केलेली नव्हे, हे त्यांना फूटभरातच कळलं असतं. मी पुढे होऊन वायर पिशवीत घातली. "राहू द्या पप्पा, काकांना तालमीला उशीर होतोय. तुमच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ पण झाली."

काका पिशवी घेऊन गेले. पप्पांचा पुढे केलेला हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो काउंटरवर ठेवला.

रविवारी सुगीचा सण होता. उपासना झाली, देवापुढे आणलेल्या भोपळ्यांचा, गव्हाच्या पोत्यांचा, पाय बांधलेल्या कोंबड्यांचा लिलाव झाला, आणि दुपारी तीनला चर्चच्या पटांगणात मांडवाखाली नवप्रभातचा कार्यक्रम सुरू झाला. कॅसेटवाला पहिल्या रांगेत पांढऱ्या खुर्चीवर बसला होता. पप्पांनी ठेवणीतला कोट घातला होता. आम्ही मधल्या रांगेत होतो.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मांडवातली कुजबुज थांबली. काकांची गिटार तेव्हा खरंच गायची. पप्पा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ऐक. बैल कसा निघाला बघ रुंद वाटेनं." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला तो आजही डोळ्यांपुढे आणता येतो आणि आणवतही नाही.

दुसऱ्या गाण्याला त्यांनी मान तिरपी केली. "आवाज बसतोय."

"नाही पप्पा."

"बसतोय गं. दमतोय तो." त्यांनी माझं मनगट धरलं. "लाल वायर तापली. रिबेका, त्याला सांग बंद कर म्हणावं. पळ."

मी उठले नाही. कारण त्या क्षणी माझ्या डाव्या हाताच्या बोटांना ती जाळी आठवली. शुक्रवारी दुपारी बोटांखाली आलेली जाळी. लाल दोऱ्याच्या वायरीत जाळी नसते.

आवाज कमी पडतोय असं काकांनाही वाटलं असावं. त्यांनी ॲम्प्लिफायरचं बटण आणखी फिरवलं. त्या बारीक तारेत मोठा आवाज मावणार तरी कसा? गिटार घोगरी झाली, तुटक झाली, जळक्या प्लास्टिकचा वास पहिल्या रांगांपर्यंत आला आणि ॲम्प्लिफायरच्या मागून पांढरा धूर निघाला. ड्रमवाला दोन ठेके जास्त वाजवून थांबला. काका दोन्ही हातांनी त्या खोक्याला कवटाळून खाली बसले. नंतर कळलं की आतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. तसला इकडे कुठे मिळत नव्हता आणि पुढेही मिळाला नाही. कॅसेटवाला बिर्याणीचं ताट संपवून चारच्या गाडीनं गेला.

घरी आल्यावर पप्पांनी कोट काढला नाही. कोटासकट खाटेवर बसले आणि मला विचारलं, "मी जाड तार घेतली होती ना गं?"

मी चहा ठेवत होते.

"तू बसली होतीस ना तिथं? मी तुला विचारलं, हीच ना म्हणून. तू हो म्हणालीस. म्हणालीस ना?"

मला खरं सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. पण त्या वाक्यामागून सगळंच बाहेर आलं असतं. वर्षभर मी त्यांची एकही वायर त्यांची राहू दिली नव्हती, हेही. आणि हे काही नुसतं त्यांच्या काळजीपोटी होतं असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटली. काकांची, गल्लीची, उद्या माझ्या हातची पांढरीसुद्धा कुणी घेणार नाही याची. मी कपात चहा ओतत म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं, पप्पा. मला नाही आठवत."

त्यांनी कप घेतला, पण चहा प्यायले नाहीत. उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासत राहिले, तार मळून बघतात तशी. जेवताना पुन्हा विचारलं. भांडी घासताना मोरीच्या दारात येऊन पुन्हा विचारलं. "आठवून बघ ना जरा. जाडच होती ती. माझ्या बोटांना कळतं गं." मी तीन वेळा तेच उत्तर दिलं. चौथ्यांदा ते विचारायला आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजले.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या डोळ्यांचं औषध आणायला गेले. परत येते तो गल्लीत माणसं थांबलेली. एलियाकाका आमच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून ओरडत होते. हातात ती वायर होती, मधोमध फुगून चिकटलेली.

"डोळे गेले तर हात आवरायचा होता, मिस्त्री! आंधळ्यानं कशाला हे उद्योग करावेत? माझा जन्म गेला ना त्या खोक्यात!"

पप्पा आत काउंटरला धरून उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "खरंय तुझं, एलिया. चूक माझीच आहे."

काकांनी वायर त्यांच्या पायाशी टाकली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. लोक पांगले. पप्पांनी वाकून, चाचपून वायर उचलली, गुंडाळून फळीवर ठेवली. मग लाल दोऱ्याचं रीळ माझ्यापुढे धरलं.

"घे. आजपासून लाल पण तूच करायची."

"पप्पा…"

"आयर्न तापव. माधव बँडवाल्यांची वायर राहिलीये."

त्या दिवसापासून ते सोल्डरिंगला बसले नाहीत. आणि तो प्रश्नही त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. रविवारी चार तासांत तीनदा विचारणारा माणूस सोमवारनंतर एकदाही बोलला नाही. मला वाटलं, त्यांनी स्वतःची चूक मान्य केली. आपली बोटं आपल्याशी खोटं बोलली, असं त्यांनी धरून घेतलं. मला त्याचं किती वाईट वाटत होतं म्हणून सांगू, पण वाईट वाटणं आणि बोलणं यांच्यामध्ये मी रोज एक दिवस घालत गेले.

सगळ्यांत लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे दुकान चांगलं चालायला लागलं. आता पोरगी करते, पोरीची नजर साफ आहे, म्हाताऱ्याच्या हातात भरवसा नव्हता, असं बोलत लोक यायचे. पप्पांच्या समोर बोलायचे. ते बाहेर स्टुलावर बसून माझ्यासाठी दोऱ्याचे तुकडे कापायचे, पांढरे एका डब्यात आणि लाल दुसऱ्यात. डब्यांवर त्यांनी खुणेला एक आणि दोन खाचा पाडल्या होत्या. कुणी माझं कौतुक केलं की म्हणायचे, "माझ्यापेक्षा हात चांगला आहे तिचा. मी आधीच द्यायला पाहिजे होतं तिच्याकडं."

एकदा मी तोंड उघडलं होतं. शेवटचं दुखणं होतं त्यांचं, दवाखान्यात मी खाटेशी बसले होते. म्हटलं, "पप्पा, ती एलियाकाकांची वायर होती ना…"

"जुनं काय उकरत बसते," ते चटकन म्हणाले. "लाल दोरा संपत आलाय, बघितलास का? जाऊन घेऊन ये. जाड बघून घे." मग माझा डावा हात चाचपून शोधला आणि आपल्या छातीवर ठेवून घेतला. मला वाटलं, त्यांना त्या दिवसाची आठवणसुद्धा सोसत नाही. मी नंतर जाऊन दोरा घेऊन आले. तीन दिवसांनी ते गेले. एलियाकाका तेव्हा पुण्याला कुठल्या तरी कारखान्यात कामाला होते. गिटार त्यांनी त्या सणानंतर सोडली होती. मातीला ते आले नाहीत.

याला आता बरीच वर्षं झाली. पाटीवर माझं नाव आहे. गेल्या फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या सुमाराला, एक काठी टेकत आलेला म्हातारा पायरीवर थांबला आणि म्हणाला, "जय ख्रिस्त. एक पांढऱ्या दोऱ्याची मिळेल का? दहा फूट."

मी आवाजावरून ओळखलं. उठून खुर्ची दिली. काका नोकरी संपवून नगरला परत आले होते. चर्चमधल्या लोकांनी धरून धरून पुन्हा गिटार हातात दिली होती. "बोटं ऐकत नाहीत आता," ते म्हणाले, "पण तेवढाच वेळ जातो."

मी पिनेला दोरा बांधला आणि तार कापायला घेतली. काका दुकानभर बघत होते. फळीवर पप्पांचा फोटो होता.

"खरं सांगू का रिबेका, वायर हे निमित्त आहे," ते म्हणाले. "मी आलोय ते दुसऱ्याच कामासाठी. तुझ्या बापाला मी याच पायरीवर आंधळा म्हणालो. गल्लीला ऐकू जाईल असं. तो जिवंत होता तोवर मला माफी मागता आली नाही. आता तुझ्याकडं मागतो."

"काका, नका असं…"

"थांब, बोलू दे. तुला ठाऊक नाही तो माणूस कसा होता. तू त्या दिवशी नंतर आलीस." त्यांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली. "मी वायर त्यांच्यापुढं आपटली. त्यांनी टोपण फिरवून पिन उघडली आणि आत बोट घातलं. लई वेळ चाचपत होते. जाळी लागली असेल त्यांना. मी वाट बघतोय की आता हा काहीतरी सबब सांगणार. तर मला म्हणाले, 'एलिया, माझ्या बोटावर माझा आज विश्वास नाही. तू बघून सांग, जाळीला पीळ कुठल्या अंगाचा आहे?'"

मी टोक सोलत होते. माझा हात थांबला.

"मला असा संताप आला. माझं घर जळालंय आणि हा पीळ विचारतोय. मी बघितलं आणि सांगितलं, डाव्या अंगाचा. तर पुन्हा विचारतात, 'नक्की डाव्या?' मी म्हटलं, डाव्या, डाव्या, काय करायचंय त्याचं? मग गप्प झाले. इतका वेळ गप्प की मला वाटलं ऐकू आलं का नाही. मग माझ्या दंडाला धरून म्हणाले, 'मग माझीच आहे ही. दुसऱ्या कुणाला बोल लावू नको. चूक माझी.'" काकांनी रुमालानं नाक पुसलं. "नुसत्या पिळावरून आपलं काम ओळखलं आणि तिथल्या तिथं कबूल झाला. आजच्या काळात कोण होतं असं कबूल? आणि मी त्याला रस्त्यावर आणून बोललो."

माझ्या हातात सोललेली तार होती. जाळीचे बारीक धागे सुटे होऊन पसरले होते. मी ते चिमटीत धरले आणि वळवले, आयुष्यभर वळवत आले तसेच. मग तार काकांपुढे धरली.

"काका, चष्मा लावा. हा पीळ कुठल्या अंगाचा आहे?"

"आता तू पण?" ते हसले आणि खिशातून चष्मा काढला. तार डोळ्यांजवळ नेली. "हा… हा पण डाव्या…"

ते थांबले. त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवलेल्या आयर्नकडे बघितलं, मग फळीवरच्या फोटोकडे.

"पप्पांनी केलेली वायर जाड तारेचीच होती," मी म्हटलं. "बरोबर होती. ती अजून माझ्या पेटीत आहे. तुम्हाला दिली ती मी केली होती, त्यांना न सांगता. त्या रात्री त्यांनी मला तीन वेळा विचारलं आणि मी तीन वेळा सांगितलं, मला आठवत नाही."

काकांनी तार टेबलावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे शांतवनला हे कधीच कळलं नाही?"

"तुम्हीच तर सांगितलंत त्यांना, काका. त्या सोमवारी."

त्यांनी चष्मा काढला आणि तोंडावर हात धरला. मला रडू येत होतं, आणि मी रडले. रडतच सोल्डर लावलं, टोपणं बसवली, दहा फूट वायर सरळ केली आणि तिचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.

"एकदा बोटांतून काढून बघा," मी म्हटलं. "त्या दिवशी मी पप्पांना बघू दिली नव्हती."